भाऊजी, गाडी रस्त्यावरच राहू द्या!

या आठवड्यात लोणची-मुरंब्यांचे आणि शिवणकामाचे प्रश्न थोडे बाजूला ठेवते. कारण पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र असं निघालं की, आधी त्यालाच उत्तर द्यावंसं वाटलं. पत्र आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं, एका तालुक्याच्या गावाहून आलेलं. मैत्रीण लिहिते :

"ताई, आमच्याकडे नुकतीच मोठी गाडी घेतली. चारही चाकांना जोर मिळतो म्हणे तिच्या. तेव्हापासून यांच्या आणि आमच्या धाकट्या दिरांच्या डोक्यात एकच वेड शिरलंय. उन्हाळ्यातल्या वादळानं तलावामागच्या जंगलात पुष्कळ झाडं पडली आहेत. आता पावसानं तिथं सगळी दलदल झाली आहे. तर रस्ता सोडून, पडलेल्या झाडांमधून, चिखलातून गाडी काढायची आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करायचं. मुलंही नाचताहेत. मी नको म्हटलं की भाऊजी हसतात, 'वहिनी, घाबरता काय?' ताई, मी खरंच घाबरट आहे का? आणि जायचंच झालं, तर काय काळजी घ्यावी?"

नाही हो, तुम्ही मुळीच घाबरट नाही! पावसाळ्यात जंगल बघायला जरूर जावं. मुलांना तर न्यावंच. शाळेत मी त्यांना चित्रातला ऐन आणि धावडा दाखवते, तो त्यांनी झाडाखाली उभं राहून बघितला तर मला हवंच आहे. पण रस्ता सोडून गाडी घालायची नाही, याबाबतीत मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. नुसतं 'मला भीती वाटते' म्हटलं की पुरुषमंडळी हसण्यावारी नेतात. म्हणून कारणं नीट समजून घेऊ, म्हणजे तुम्हाला ती शांतपणे सांगता येतील.

वादळानं जंगलाचं काय होतं?

आपला जिल्हा तलावांचा. भंडाऱ्यापासून वेगळा होऊन १९९९ साली गोंदिया जिल्हा झाला, पण तलाव त्याच्या कितीतरी आधीचे. कोहळी समाजाच्या लोकांनी जंगलाच्या उतारावरून येणारं पाणी पाळ बांधून अडवलं, तलाव केले. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी', आणि बोलता बोलता त्यांचे 'मामा तलाव' झाले. जंगल वर, तलाव खाली आणि त्याखाली धानाच्या बांध्या, अशी आपली रचना. वरच्या जंगलात काही झालं की ते खाली आपल्या ताटापर्यंत येतं, हे आधी लक्षात घ्या.

वैशाखात दुपारी एकाएकी अंधारून येतं, धूळ उडते, गारा पडतात आणि तासाभरात वाऱ्यानं मोठमोठी झाडं उलटीपालटी होतात. हे आपल्याकडे नवं नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी वादळानंतर दोन दिवस शाळेत आली नाही. आल्यावर म्हणाली, "बाई, आमचा मोह पडला." आपल्याला वाटतं, एक झाडच तर पडलं. पण ज्या घरात मोहाची फुलं वेचून, वाळवून, विकून वर्षाचे चार पैसे उभे राहतात, त्या घरात तो कमावता माणूस पडल्यासारखाच असतो. नवा मोह फुलांवर यायला पुष्कळ वर्षं लागतात.

पण पडलेलं जंगल म्हणजे मेलेलं जंगल नव्हे, बरं का! मोठं झाड पडलं की वरचं छत उघडतं आणि जमिनीवर ऊन येतं. इतकी वर्षं सावलीत खुरटून बसलेली रोपं त्या उन्हानं सरसावतात. सागाचा आणि ऐनाचा बुंधा मोडला तरी खालून धुमारे फुटतात. पळस आणि तेंदू तर मुळांतूनही फुटतात. आडव्या पडलेल्या खोडात वाळवी, भुंगेरे, बुरशी शिरते आणि दोन-चार वर्षांत त्याचं खत होऊ लागतं. उभ्या वठलेल्या खोडात सुतारपक्षी पोखरून घर करतो, मग त्यात पिंगळा राहायला येतो. पडलेल्या फांद्यांच्या काटेरी गचपणात गुरं आणि हरणं तोंड घालू शकत नाहीत, म्हणून कोवळी रोपं तिथंच सुरक्षित वाढतात. बाळंतिणीच्या खोलीला जसा आडोसा करतो, तसा तो पडलेल्या फांद्यांचा आडोसा असतो म्हणा ना!

आणि मोहाची गंमत पाहा. त्याच्या बिया, ज्यांना आपण टोरी म्हणतो आणि ज्यांचं तेल काढतो, त्या पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडतात. त्या फार दिवस जिवंत राहत नाहीत. पडल्या पडल्या ओल मिळाली तरच रुजतात. म्हणजे जून-जुलैमध्ये जमिनीवर बोटभर उंचीचे जे कोंब दिसतात, तेच उद्याचे मोह. आणि नेमक्या याच दिवसांत भाऊजींना तिथून गाडी न्यायची आहे!

चाक काय करतं?

तुम्ही म्हणाल, एक गाडी गेली तर असं किती बिघडणार? वादळानं शेकडो झाडं पाडली, तिथं चार चाकांचं काय एवढं?

याचं उत्तर मला माझ्या सासूबाईंनी दिलं. त्यांचं सगळं आयुष्य धानाच्या शेतीत गेलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही श्रावणात गावी गेलो होतो. माझा चुलत दीर नवी गाडी घेऊन आला होता. तलावाच्या मागच्या झाडीत घालून दाखवतो म्हणाला. सासूबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, "बाबू, आपण बांधीत चिखलणी कशासाठी करतो?"

तो म्हणाला, "पाणी मुरू नये म्हणून."

"मग जंगलात काय धान रोवायचा आहे?"

मैत्रिणींनो, मातीबद्दलचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. रोवणीच्या आधी आपण बांधीत पाणी साठवून चिखल करतो, तुडवतो. त्यानं मातीतली बारीक भोकं बुजतात, खाली एक घट्ट थर बसतो आणि पाणी वर टिकतं. धानाला ते हवंच असतं. जंगलाला मात्र नेमकं उलटं हवं. तिथली माती भुसभुशीत, पोकळ असते. पानं कुजून, गांडुळांनी पोखरून तिच्यात हवेला आणि पाण्याला जायला वाटा झालेल्या असतात. पाऊस पडला की ती स्पंजासारखी पाणी पिते आणि मग सावकाश तलावाला सोडते. ओल्या मातीवरून दीड-दोन टनांची गाडी गेली की त्या वाटा दबतात. कोरड्या जमिनीपेक्षा ओली जमीन कितीतरी जास्त दबते. आणि सर्वांत जास्त दाब बसतो तो पहिल्या काही फेऱ्यांतच. तेव्हा 'फक्त एकदाच जाऊ' यात काही अर्थ नाही. खरं नुकसान त्या एकदाच जाण्यात होतं.

कणीक मळताना बोट दाबून पाहा. सैल कणकेत बोट खोल जातं आणि खड्डा तसाच राहतो. मातीचंही तसंच. पावसाळ्यात पडलेली चाकोरी उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. तिच्यात बी रुजत नाही, मुळं शिरत नाहीत. पुढच्या पावसात तीच चाकोरी पाण्याची नाली होते. जे पाणी सगळीकडे पसरून मुरायचं, ते एका ओळीत धावत सुटतं, माती घेऊन तलावात जातं आणि तलावात गाळ भरतो. म्हणून म्हटलं, जंगलातली चाकोरी आपल्या ताटापर्यंत येते.

मुळांनाही श्वास लागतो

दलदलीच्या जंगलात तर हे फारच जपावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात खरोखरीचं दलदलीचं जंगल पाहायचं तर सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथं जावं लागेल. तिथं जायफळाच्या कुळातली झाडं बारमाही चिखलपाण्यात उभी आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं आपली मुळं गुडघ्यासारखी वाकवून चिखलाच्या वर काढतात आणि त्यांतून श्वास घेतात. ही जागा जेमतेम अडीच हेक्टरांची, पण गावानं देवराई म्हणून राखली, म्हणून टिकली. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. अशा ठिकाणी एखादी गाडी शिरली तर चिखलावर काढलेल्या त्या मुळांचं काय होईल, हे सांगायला नकोच.

आपल्या तलावाकाठची झाडी वर्षभर पाण्यात उभी नसते. पण पावसाळ्याचे तीन-चार महिने काठावरचा अर्जुन, जांभूळ, करंज यांची मुळं ओलीतच असतात. जी थोडी हवा त्यांना मिळते, ती मातीतल्या त्या बारीक वाटांतूनच. त्या वाटा दाबून बुजवल्या तर वादळात तगलेलं झाडही पुढच्या काही वर्षांत वरून वाळू लागतं. आपण म्हणतो, 'अरे, हे उभं झाड कशानं गेलं?'

दूरदेशीचा धडा

असा चिखलातून गाडी हाकण्याचा शौक अमेरिकेत फार जुना. फ्लोरिडा प्रांतात बिग सायप्रस नावाचं मोठं दलदलीचं वन आहे. १९७४ साली ते सरकारनं राखीव केलं. तिथले लोक उंच, रुंद चाकांच्या घरी बनवलेल्या गाड्या घेऊन दलदलीतून हिंडत. शिकारीला जात, सहलीला जात. जिथून मनाला येईल तिथून वाट. कालांतरानं विमानातून पाहिलं तर जमिनीवर चाकोऱ्यांचं जाळंच दिसायला लागलं. गवत वर्षानुवर्षं भरून येईना, पाण्याची वाट बदलली. शेवटी सन २००० मध्ये नियम झाला की, गाड्यांनी आखून दिलेल्या वाटांनीच जायचं. या वाटा सुमारे ४०० मैलांच्या. शौक बंद केला नाही हं, त्याला वाट आखून दिली.

दुसरी गोष्ट वादळाची. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना-मिसिसिपी किनाऱ्यावर आदळलं. नदीकाठची जंगलंच्या जंगलं पडली. पण दलदलीत उभी असलेली सायप्रसची झाडं, ज्यांचे बुंधे खाली घेरदार असतात आणि ज्यांचीही मुळं गुडघ्यासारखी वर येतात, ती बरीचशी तगली. पण नुकसान पुढे निराळ्याच बाजूनं आलं. जिथं झाडं पडून ऊन आलं, तिथं चीनमधून पूर्वी आणलेलं एक परकं झाड भराभर माजलं आणि देशी रोपांची जागा अडवून बसलं.

आता आपल्या अंगणात पाहा. आपल्या जंगलातल्या मोकळ्या जागेत कोण माजतं? रायमुनिया, ज्याला पुण्या-मुंबईकडे घाणेरी म्हणतात, ती. रस्त्याच्या कडेला गाजरगवत. तलावाच्या काठाला बेशरम. गाजरगवताचं बी तर इतकं बारीक असतं की, चाकाच्या खाचेतल्या चिखलाबरोबर ते सहज मैलोगणती जातं. शहराबाहेरच्या पडीक जागेतून निघालेली गाडी वादळानं उघड्या पडलेल्या जंगलात शिरली की, नेमकं नको ते बी नको त्या जागी पेरून येते. आपण चपला दाराबाहेर काढून घरात येतो ना? मग गाडीचे पाय चिखलानं भरलेले घेऊन जंगलात का शिरावं?

ज्यांनी तलाव पुन्हा उभे केले

एक चांगली गोष्टही सांगते. अर्जुनी-मोरगाव भागात ढीवर समाजाच्या लोकांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं जुने तलाव सुधारायचं काम केलं आहे, आणि त्यात बायका पुढे आहेत. त्यांनी काठावरची बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाच्या कडेची कडक झालेली जमीन नांगरून मोकळी केली आणि पावसाळ्यात दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून हातानं लावल्या, अगदी धान रोवतात तशा. वनस्पती आल्या तसे देशी मासे आले, पाखरं आली. म्हणजे बघा, या बायका जी दबलेली माती हातानं मोकळी करतात, तीच आपण हौसेखातर चाकाखाली पुन्हा दाबायची का?

आणि सारस! महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरले आहेत आणि तेही मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून या पक्ष्याच्या प्रश्नात लक्ष घातलं. सारसाची जोडी पावसाळ्यातच घर मांडते. धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठाला गवतकाडीचा ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोनच अंडी घालते. गाडीतून बघणाऱ्याला तो नुसता कचऱ्याचा ढीग वाटतो. एका वर्षाचा त्यांचा सगळा संसार चाकाखाली जाऊ शकतो.

मग जायचं कसं?

आता सहलीचं बघू. या गोष्टी कागदावर टिपून फ्रिजवर लावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नजरेस पडतील.

१. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली झाला. त्याच्या गाभ्यातलं जंगल पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांना बंद असतं. एरवीही वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. जंगल उघडलं की मंगेझरी किंवा चोरखमाऱ्याच्या फाटकावरून रीतसर गाडी आणि वाटाड्या घेऊन जा. पावसाळ्यात नवेगावबांधच्या पाळीवरून तलाव बघा, मन भरतं.

२. कच्च्या पण वापरातल्या रस्त्यानं जायला हरकत नाही. त्या रस्त्यावर डबकं आलं तर कडेनं नवी वाट काढू नये. त्यानं रस्ता दर वर्षी दोन्ही बाजूंनी जंगल खात रुंद होत जातो. आधी कुणीतरी खाली उतरून काठीनं खोली बघावी. खोल नसेल तर डबक्यातूनच, खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीनं जावं. मध्ये थांबू नये, एकदम ब्रेक मारू नये. चारही चाकांचा जोर चिखलात शिरण्याआधी जोडायचा असतो, रुतल्यावर नव्हे. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्यावा.

३. वाहतं पाणी रस्त्यावरून जात असेल तर सरळ परत फिरा. वाहतं पाणी ३० सेंटीमीटर असलं तरी छोटी गाडी उचलू शकतं आणि ६० सेंटीमीटर असलं तर मोठ्या गाडीलाही ओढून नेतं. तिथं चारही चाकांचा जोर काही कामाचा नाही, कारण चाक जमिनीला टेकलेलंच नसतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका, आत पाणी ओढलं जातं.

४. वादळानंतरच्या जंगलात जमिनीवर बघतो तसं वरही बघा. मोडून अर्धवट लटकलेली फांदी वाऱ्याशिवायही खाली येते. अशा झाडाखाली डबा उघडून बसू नका. फांदीबरोबर आग्या मोहोळ खाली आलेलं असू शकतं. तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा नको. बिळात पाणी शिरल्यानं साप वर येतात, म्हणून मुलांच्या पायात बूट हवेतच.

५. विजेची तार पडलेली दिसली तर गाडीतून उतरू नका. गाडी मागे घ्या. तार गाडीवरच पडली तर गाडीला आग लागत नाही तोवर आतच बसून राहा आणि ११२ वर फोन करा. कडाडायला लागलं की झाडाखाली धावण्यापेक्षा काचा बंद करून गाडीत बसणं बरं.

६. मुलांना सनरूफमधून डोकं काढून उभं करू नका. गचका बसला की काय होतं, ते सांगायला हवं का? कच्च्या रस्त्यावर गाडीचा वेग कमी असला तरी पट्टा लावलेलाच हवा.

७. निघण्याआधी आणि परत आल्यावर गाडीची चाकं आणि खालची बाजू धुवा. तलावात किंवा ओढ्यात मात्र नाही! घरी, नळाखाली.

८. डब्याला दशम्या, तिळाची चटणी, चिवडा असं कोरडं न्या. गाडी लागणाऱ्यांनी निघताना पोटभर खाऊ नये, आल्याची वडी जवळ ठेवावी. पिशव्या कापडी न्याव्यात. उरलेलं खरकटं, केळीचं सालसुद्धा, घरी परत आणा.

आणि कपड्यांचं विचारणारच तुम्ही! चिखलाचे कपडे ओले असताना चोळू नका, डाग आत शिरतो. आधी पूर्ण वाळू द्या, मग ब्रशनं माती झाडून टाका. नंतर थंड पाण्यात साबणाची भुकटी घालून तासभर भिजवा. लाल मुरमाचा डाग राहिलाच तर पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा. रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात करून पाहा.

आणि घरात सांगायचं कसं?

हा खरा अवघड भाग. गाडी ते चालवणार, पैसे त्यांनी भरलेले, शिवाय चार मित्र सोबत. अशा वेळी मागच्या सीटवरून 'नको' म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या रंगाचा बेरंग करणं, असं आपल्याला वाटतं आणि आपण गप्प बसतो. पण गाडी रस्ता सोडून उतरली की ज्या गोष्टी पणाला लागतात, त्या आपल्याच आहेत. मागे बसलेली मुलं आपली, आणि खालच्या तलावाचं पाणीही आपल्याच घरात येतं. तेव्हा बोलायचं ते आधी, घरातून निघताना आणि हसत बोलायचं. 'भाऊजी, गाडी तुमची मजबूत आहे हे मला मान्य आहे. पण खालची जमीन तेवढी मजबूत नाही,' असं म्हणून पाहा. यात घाबरण्याचा प्रश्नच नाही. कुणाचा अपमानही नाही.

चिखलात गाडी चालवायची हौस फारच असेल, तर तिलाही वाट द्यावी. आपल्याच कुणा नातेवाइकाची धान निघालेली रिकामी बांधी असेल, तर मालकाला विचारून तिथं हवा तेवढा चिखल तुडवा. नाहीतरी पुढच्या वर्षी तिथं चिखलणी होणारच! मुलांना मात्र जंगलात पायी न्या. एखादं पडलेलं झाड निवडा, वापरातल्या पायवाटेच्या कडेचं. मुलांना म्हणावं, याच्या अवतीभोवती किती नवी रोपं आली ती मोजा, हात न लावता. वहीत आकडा लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच झाडाशी जा आणि पुन्हा मोजा. माझ्या वर्गातली मुलं हे करतात. दुसऱ्या वर्षी आकडा वाढलेला दिसला की ती अशी काही ओरडतात, जणू परीक्षेत पहिला नंबर आला!

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला माझा निरोप असा : हा अंक भाऊजींच्या हाती पडेल अशा जागी, चहाच्या कपाशेजारी ठेवा. आणि सहल झाली की मला जरूर कळवा. किती रोपं मोजली तेही लिहा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं ते पाहू. तुमचे घरगुती उपाय असतील तर पाठवा.